संयुक्त ख्रिस्ती युवाकार्य (ब्रिटन)

एकाच गावातील किंवा शहराच्या एखाद्या भागातील वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून, सामायिक खर्चाने व सामायिक जबाबदारीने मुलांसाठी आणि तरुणांसाठी चालविलेले कार्य. शाळेत जाणारी, विशेषतः ११ ते १८ वर्षांची मुलेमुली हा त्याचा मुख्य वर्ग असतो. संध्याकाळचे युवा मंडळ, सुट्टीतील शिबिरे, शाळांमधील उपक्रम, रस्त्यावर किंवा बागेत वेळ काढणाऱ्या मुलांशी जोडलेली मैत्री, संयुक्त उपासना आणि समाजसेवा हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. ब्रिटनमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, युनायटेड रिफॉर्म्ड, रोमन कॅथलिक व पेंटेकोस्टल मंडळ्या तसेच साल्वेशन आर्मी यांचा स्थानिक परिस्थितीप्रमाणे त्यात सहभाग असतो. विसाव्या शतकातील ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीचे अनेक अग्रणी आपल्या तारुण्यात अशाच कार्यात घडले. धर्मपरिषदांनी ऐक्याचे ठराव करण्यापूर्वी तरुणांनी ते व्यवहारात आणले होते, आणि या कार्याचे इतिहासातील महत्त्व मुख्यतः यातच आहे.

प्रारंभ : या कार्याची मुळे रविवारच्या शाळांमध्ये आहेत. रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे गरीब मुलांसाठी अशी शाळा सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस मजुरी करणाऱ्या मुलांना रविवारी वाचायला शिकवावे आणि बायबलची ओळख करून द्यावी, असा तिचा हेतू होता. कापडगिरण्यांच्या स्टॉकपोर्ट गावात १७८४ मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी असेच काम एकत्र हाती घेतले. पुढे तेथील शाळा कोणत्याही एका पंथाशी न बांधलेली शाळा म्हणून वाढली आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यात हजारो मुले शिकत होती. १८०३ मध्ये लंडनमध्ये संडे स्कूल युनियन स्थापन झाली आणि निरनिराळ्या पंथांचे शिक्षक एका संघटनेत आले. मुलाला अक्षरओळख करून देताना बाप्तिस्मा केव्हा द्यावा, बिशप असावा की नसावा, हे वाद आड येत नव्हते. जेथे वाद पोहोचत नाही तेथून काम सुरू करायचे, ही रीत तेव्हाच रूढ झाली.

दुसरा टप्पा यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचा (वायएमसीए). जॉर्ज विल्यम्स हा सॉमरसेटमधून लंडनला आलेला तरुण कापडाच्या पेढीत नोकरी करीत होता. असे नोकर दिवसाचे बारा-बारा तास दुकानात राबत आणि रात्री दुकानाच्याच इमारतीत दाटीवाटीने झोपत. ६ जून १८४४ रोजी विल्यम्स आणि त्याच्या सोबत्यांनी, एकूण १२ तरुणांनी, ही संस्था स्थापन केली. ते सर्व एका पंथाचे नव्हते. १८५५ च्या पॅरिस परिषदेत संस्थेचा पाया शब्दबद्ध झाला. येशू ख्रिस्ताला देव व तारणारा मानणाऱ्या तरुणांना एकत्र आणणे, हा तो पाया होता. इतर विषयांवरील मतभेद, ते कितीही महत्त्वाचे असले तरी, परस्परसंबंधांच्या आड येऊ देऊ नयेत, असेही तेथे ठरले. स्थानिक पातळीवरील संयुक्त युवाकार्यात आजही याच दोन सूत्रांशी जुळणारा विचार दिसतो.

विल्यम अलेक्झांडर स्मिथ याने ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ग्लासगो येथे बॉइज ब्रिगेड सुरू केली. तिची प्रत्येक कंपनी एखाद्या मंडळीशी जोडलेली असे. पण कवायत, वाद्यवृंद, शिबिरे आणि स्पर्धा यांसाठी शहरातील कंपन्या बटालियन म्हणून एकत्र येत. त्याआधी २ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड (मेन राज्य) येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ख्रिश्चन एन्डेव्हर संघ काढला होता. तोही थोड्याच वर्षांत अनेक पंथांत आणि अनेक देशांत पसरला. आपापल्या मंडळीत मूळ ठेवून गावपातळीवर एकत्र येण्याची ही घडण पुढे सर्वत्र रूढ झाली.

ऐक्याच्या चळवळीशी नाते : १९१० साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. आधुनिक ऐक्यचळवळीचा आरंभ तेथून मानतात. परिषदेच्या कामकाजाचे सूत्रसंचालन करणारे जॉन मॉट हे वायएमसीए आणि ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीतून पुढे आले होते. वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन (१८९५) या संस्थेचे ते एक संस्थापक होत. परिषदेचे चिटणीस जोसेफ ओल्डम यांचा जन्म मुंबईचा (१८७४). लाहोर येथे त्यांनी वायएमसीएचे काम केले होते. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेंपल या परिषदेत स्वयंसेवक होते. वायएमसीएचे चिटणीस म्हणून अनेक वर्षे काम केलेले वेदनायगम सॅम्युएल अझरय्या यांनी तेथे मिशनऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की, भारतीय ख्रिस्ती लोकांना उपकारकर्ते नकोत, मित्र हवेत. वंशावंशांतील दुराव्याची जाणीव त्या भाषणाने परिषदेला करून दिली.

१९३९ च्या उन्हाळ्यात, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, ॲम्स्टरडॅम येथे ख्रिस्ती युवकांची पहिली जागतिक परिषद झाली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच शहरात वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसची स्थापना झाली. तिचे पहिले सरचिटणीस व्हिसर्ट हूफ्ट हेही वायएमसीए व विद्यार्थी चळवळीतून आले होते. युवकांची दुसरी जागतिक परिषद १९४७ मध्ये ऑस्लो येथे आणि तिसरी १९५२ मध्ये केरळातील कोट्टयम येथे झाली.

सरकारी धोरण आणि युवा मंडळे : नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण मंडळाने १४८६ क्रमांकाचे परिपत्रक काढून स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांना युवक समित्या नेमण्यास आणि स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने काम करण्यास सांगितले. मंडळ्यांच्या युवासंघटना या स्वयंसेवी संस्थांमध्ये मोडत असल्यामुळे सरकार आणि मंडळ्या यांचे नाते जुळले. १९६० च्या अल्बेमार्ल अहवालानंतर युवासेवेला भरीव सरकारी पैसा मिळाला, नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि पगारी युवाकार्यकर्त्यांचे प्रशिक्षण वाढले. त्याच सुमारास सक्तीची लष्करी सेवा संपत होती आणि तरुणांच्या हाती मोकळा वेळ येत होता. उपासनेला न येणाऱ्या मुलांसाठीही चर्चच्या सभागृहाची दारे उघडावीत, हा विचार या काळात बळावला. २०१० नंतर सरकारी खर्चातील कपातीमुळे अनेक नगरपालिकांनी आपली युवाकेंद्रे बंद केली. काही गावांत मुलांसाठी संध्याकाळी उघडी राहणारी जागा म्हणजे चर्चचे सभागृह एवढीच उरली. त्यामुळे मंडळ्यांवरची जबाबदारी वाढली आणि ती एकट्याने पेलणे लहान मंडळ्यांना अशक्य झाले.

स्थानिक करार : जेथे श्रद्धेतील खोल मतभेदांमुळे वेगळे राहणे भाग आहे ते विषय वगळून इतर सर्व बाबतींत मंडळ्यांनी एकत्र काम करावे, असे तत्त्व १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड परिषदेत मांडले गेले. १९६४ च्या नॉटिंगम परिषदेनंतर इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी ऐक्याचे स्थानिक प्रयोग सुरू झाले. १९६९ च्या कायद्याने दोन किंवा अधिक पंथांना एकच चर्च इमारत रीतसर करार करून वापरता येऊ लागली. ब्रिटिश कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये (१९४२) रोमन कॅथलिक चर्च नव्हते. १९८७ च्या स्वानविक घोषणेनंतर ते बरोबरीने आले आणि १९९० मध्ये ‘चर्चेस टुगेदर इन इंग्लंड’ ही संस्था अस्तित्वात आली. तिच्या धर्तीवर गावोगावी स्थापन झालेल्या ‘चर्चेस टुगेदर’ गटांमधून संयुक्त युवाकार्याला नियमित व्यासपीठ मिळाले. १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह, उत्तम शुक्रवारी क्रूस घेऊन रस्त्यातून निघणारी मिरवणूक आणि नाताळच्या आधीचे सार्वजनिक गायन, या प्रसंगी गावातील सर्व मंडळ्यांचे तरुण एकत्र दिसतात.

कार्यपद्धती : सहसा सहभागी मंडळ्या एक समिती नेमतात. काम वाढले की तिची नोंदणीकृत धर्मादाय संस्था होते. प्रत्येक मंडळी आपले विश्वस्त पाठवते आणि ऐपतीप्रमाणे वर्गणी देते. एकट्या मंडळीला न परवडणारा पूर्णवेळ, प्रशिक्षित युवाकार्यकर्ता अशा रीतीने ठेवता येतो. त्याच्या हाताखाली सर्व मंडळ्यांतील स्वयंसेवक काम करतात. जागेची वाटणीही सोयीप्रमाणे होते : एका मंडळीकडे मोठे सभागृह असते, दुसरीकडे स्वयंपाकघर, तिसरीकडे मैदान. आठवड्यातील मंडळाच्या संध्याकाळी टेबल टेनिस, पूल, संगीत, चहा-टोस्ट आणि गप्पा असतात. त्याच कार्यक्रमात किंवा वेगळ्या दिवशी लहान गटात बायबलचे वाचन, प्रार्थना आणि मुलांच्या प्रश्नांवर चर्चा होते.

शाळांमधील काम हा या कार्याचा फार उपयुक्त भाग आहे. इंग्लंडमधील सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास असतो आणि सामूहिक उपासनेची तरतूद आहे. एखाद्या मंडळीच्या माणसाला बोलावले तर पक्षपाताचा प्रश्न येतो. गावातील सर्व मंडळ्यांच्या वतीने येणाऱ्या कार्यकर्त्याला बोलावणे मुख्याध्यापकांना सोपे जाते. परीक्षेचा ताण, घरातील मृत्यू, एकटेपणा अशा प्रसंगी मुले त्याच्याशी मोकळेपणाने बोलू शकतात.

मुलांची सुरक्षितता ही या कार्याची पहिली अट आहे. १९८९ चा बालक कायदा आणि १९९३ मधील गृहखात्याच्या मार्गदर्शक सूचना यांनंतर मंडळ्यांनी लेखी नियम केले. इंग्लंड व वेल्समध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या पूर्वेतिहासाची तपासणी २०१२ पासून डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस या शासकीय संस्थेमार्फत होते. संयुक्त कामात सर्व मंडळ्यांना एकच नियमावली स्वीकारावी लागते आणि तक्रार कोणाकडे न्यायची हे आधी ठरवावे लागते. जबाबदारी सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, असे येथे होऊ देता येत नाही.

उत्तर आयर्लंड आणि टेझे : ब्रिटिश बेटांत या कार्याची सर्वांत कठीण परीक्षा उत्तर आयर्लंडमध्ये झाली. तेथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुले वेगळ्या वस्त्यांत राहत, वेगळ्या शाळांत शिकत. त्यांची मैत्री होण्याची जागाच नव्हती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्रेसबिटेरियन पाळक रे डेव्ही यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १९६५ मध्ये बॅलीकॅसलजवळ समुद्रकिनारी कॉरीमीला हे केंद्र सुरू केले. डेव्ही महायुद्धात वायएमसीएच्या कामावर असताना जर्मनांचे युद्धकैदी झाले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिंसाचार उसळला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तरुणांना आणि कुटुंबांना एका छताखाली राहता येईल अशी जागा तयार होती. एकत्र स्वयंपाक करणे, भांडी घासणे आणि एकमेकांची दुःखे ऐकणे, हीच तेथील शिकवण होती.

फ्रान्समधील टेझे येथे ब्रदर रोजे यांनी १९४० पासून उभारलेल्या बंधुसंघाचाही ब्रिटिश तरुणांवर मोठा प्रभाव आहे. टेझेच्या वतीने दरवर्षी वर्षाअखेरीस युरोपातील एखाद्या शहरात तरुणांचा मेळावा भरतो. त्यात यजमान शहरातील सर्व पंथांच्या मंडळ्या आणि कुटुंबे पाहुण्यांना घरी ठेवून घेतात. त्या तयारीतूनही स्थानिक मंडळ्या जवळ येतात.

मतभेद आणि मर्यादा : एखाद्या मुलाने बाप्तिस्मा मागितला तर तो कोणत्या मंडळीत द्यावा, आणि बालपणी बाप्तिस्मा झालेला असेल तर काय, या प्रश्नांवर बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन यांची उत्तरे वेगळी आहेत. कॅथलिक शिस्तीनुसार प्रभुभोजनात एकत्र सहभाग होत नाही. त्यामुळे संयुक्त शिबिरातील उपासनेचा आराखडा विचारपूर्वक करावा लागतो. स्त्रियांचे धर्मनेतृत्व, लैंगिकतेविषयीची भूमिका, सुवार्ताप्रसाराला प्राधान्य की निरपेक्ष सेवेला, यांवरही मतभेद असतात. व्यवहाराच्या अडचणी तितक्याच खऱ्या आहेत. मोठ्या मंडळीने स्वतःचा कार्यकर्ता नेमला की लहान मंडळ्यांतील मुले तिकडे ओढली जातात. पाळक बदलला की उत्साह ओसरतो. अनुदान संपले की कार्यकर्त्याची नोकरी जाते आणि मुलांशी जोडलेले नाते तुटते. शिवाय युवा मंडळाला आपले मानणारे अनेक तरुण कोणत्याच मंडळीचे सभासद होत नाहीत. वर्गणी देणाऱ्या मंडळ्यांना याचा खेद वाटतो.

भारत व महाराष्ट्र : मुंबईत वायएमसीएचे काम १८७५ मध्ये सुरू झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यामुळे ब्रिटनमध्ये ज्या पंथांचे तरुण करार करून एकत्र येतात, त्यांपैकी काहींचे वारसदार महाराष्ट्रात एकाच चर्चचे सभासद आहेत. मात्र मेथडिस्ट, साल्वेशन आर्मी, अलायन्स, हिंदुस्तानी कव्हेनंट, रोमन कॅथलिक आणि स्वतंत्र मंडळ्या वेगळ्या आहेत. मराठी मंडळ्यांमधील तरुण संघ ही रुजलेली संस्था आहे. अनेक मंडळ्या असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर), पुणे, सोलापूर यांसारख्या शहरांत तरुण संघांच्या स्थानिक सहकार्याला पुष्कळ वाव आहे.

मूल्यमापन : या कार्याचे यश मंडळीच्या सभासदसंख्येत मोजणे पुरेसे नाही. एकाच वर्गात बसणारी, एकाच मैदानावर खेळणारी मुले केवळ रविवारी वेगवेगळ्या दारांनी आत जातात; ती विभागणी त्यांनी केलेली नाही. संयुक्त युवाकार्य त्यांना श्रद्धेच्या बाबतीतही शेजारी म्हणून वाढू देते, आणि मोठ्यांना आपसांतील अविश्वास बाजूला ठेवायला भाग पाडते. ते टिकते ते मोठ्या सोहळ्यांमुळे नव्हे. लेखी करार, नियमित वर्गणी, चोख सुरक्षानियम आणि वर्षानुवर्षे त्याच मुलांसाठी वेळ देणारे स्वयंसेवक यांच्यावर ते उभे असते. ज्या गावातील मंडळ्या एवढे करतात, त्या पंथैक्याचे तात्त्विक प्रश्न सुटण्याची वाट न पाहता आपल्या तरुणांना एकत्र सांभाळू शकतात.