यवतमाळ जिल्ह्यातील दीर्घकालीन वेदना व मिश्र उपचारपरंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

वेदना हा स्वतंत्र रोग मानावा की अन्य रोगाचे केवळ लक्षण, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात दीर्घकाळ अनिर्णित राहिला. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेचे पद्धतशीर व सविस्तर वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात अकराव्या आवृत्तीत आले आणि ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तोपर्यंत कंबरेचे, गुडघ्याचे व सांध्यांचे जुनाट दुखणे सरकारी कागदपत्रांत अन्य विकारांच्या आड दडलेले होते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातील वेदनेचा इतिहास लिहिताना रुग्णसंख्येच्या तक्त्यांपेक्षा श्रमाचे स्वरूप, वनसंपत्ती आणि कायदे यांच्याकडेच अधिक वळावे लागते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात असा विचार केला आहे.

श्रम आणि दुखणे :

वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला. पुढे वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे १९०५ मध्ये यवतमाळ असे नामांतर झाले व पुसद तालुका त्यास जोडण्यात आला. या संपूर्ण कालखंडात येथील काळ्या जमिनीत कापसाचे पीक पसरत गेले. निंदण वाकून करावे लागते. वेचणीच्या वेळी कमरेला बांधलेली ओटी जसजशी भरत जाते, तसतसा तिचा भार कंबरेवर येतो. ही दोन्ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्यास आली असून वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबाने मिळते. दुखते म्हणून थांबल्यास त्या दिवसाची कमाईच घटते. घरातील वृद्ध स्त्रीचे दुखणे ‘वयाचे’ आणि तरुण स्त्रीचे दुखणे ‘कामाचे’ ठरते. आजार मात्र दोघींपैकी कोणाचाच मानला जात नाही. वसाहतकालीन दवाखान्यांच्या वार्षिक अहवालांत संधिवाताच्या विकारांसाठी रकाना असे; परंतु त्यात दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांचीच गणती होई, हे विसरता येत नाही.

लोकोपचार आणि शास्त्र :

दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्यांचे उपचार घरी, शेजारी व जंगलाच्या आधाराने होत. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मोहाच्या बियांच्या किंवा करंजाच्या तेलाचे मर्दन, बिब्ब्याचा वापर, हाडवैद्याकडून सांधा बसवून घेणे आणि शेवटचा उपाय म्हणून डाग देणे, हे प्रकार विदर्भाच्या ग्रामीण भागात सर्वपरिचित आहेत. ते केवळ अडाणीपणाचे अवशेष होत, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माला स्वतंत्र अध्याय आहे, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचे विस्तृत विवेचन आहे आणि माधवनिदानात आमवाताचे निदान स्वतंत्रपणे दिले आहे. अर्थात ग्रंथाचा आधार असणे म्हणजे उपचार निर्धोक असणे नव्हे. बिब्ब्याचा रस त्वचेवर फोड आणतो आणि डागाच्या जखमा चिघळतात.

या संदर्भात सालईचा वृक्ष विशेष लक्षणीय आहे. पानझडी सागवनांतील कोरड्या, खडकाळ उंचवट्यांवर हा वृक्ष आढळतो. त्याच्या खोडातून स्रवणारा सुगंधी डिंक संस्कृत ग्रंथांत शल्लकी-कुंदुरू म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांनी या डिंकातील बॉसवेलिक आम्लांच्या दाहशामक गुणांचा अभ्यास केला आणि तो गोळ्यांच्या रूपाने औषधी दुकानांत आला. जंगलातून दुकानापर्यंतच्या या प्रवासात डिंक गोळा करणाऱ्याच्या हाती काय पडले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

कायद्याची वाटचाल :

मुंबई प्रांताने १९३८ मध्ये कायदा करून वैद्य-हकिमांच्या नोंदणीची व्यवस्था केली. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्यामुळे हा कायदा येथील वैद्यांना लागू नव्हता. त्यांच्यासाठीचा मध्यप्रांत व वऱ्हाड आयुर्वेदिक व युनानी व्यवसायी अधिनियम १९४७ चा आहे. सुमारे एका दशकाचे हे अंतर किरकोळ वाटले, तरी वैद्याचे प्रमाणपत्र ग्राह्य की अग्राह्य हे अशाच बाबींवर ठरत असते. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने संपूर्ण राज्यासाठी एकच चौकट निर्माण केली.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर समन्वयाचा वाद रंगला होता. चोप्रा समितीने १९४८ च्या अहवालात भारतीय व पाश्चात्त्य वैद्यकाच्या संश्लेषणाचा पुरस्कार केला. पंडित शिव शर्मा यांच्यासारख्या शुद्ध आयुर्वेदाच्या पुरस्कर्त्यांनी मिश्र शिक्षणक्रमास विरोध केला. कागदावर शुद्धतेचा पक्ष बलवत्तर ठरला, व्यवहारात मात्र मिश्रणच टिकले. महाराष्ट्र शासनाने १९९२ च्या आदेशान्वये नोंदणीकृत आयुर्वेद व्यवसायींना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून आयुष चिकित्सकांना सरकारी आरोग्य केंद्रांत आणण्याचे धोरण स्वीकारले. यवतमाळ येथे १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आयुर्वेदाचे शिक्षणही त्याच शहरात उपलब्ध आहे. तथापि एकाच गावात दोन संस्था असणे म्हणजे समन्वय, अशी गल्लत धोरणकर्त्यांकडून वारंवार होते. खरा समन्वय रुग्णच करीत आला आहे, तोही एका वैद्याला दुसऱ्याचे औषध न सांगता. हाडवैद्याला तर यांपैकी कोणत्याच कायद्याने स्थान दिले नाही.

प्रमाणाचा शोध :

मिश्र उपचारांची कसोटी कशी लावावी, याचे एक मार्गदर्शक उदाहरण पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे मिळते. डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १९९६ पासून घरोघरी जाऊन अस्थिसंधींच्या वेदनेची पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास व्यक्तींनी अशी वेदना सांगितली. औषधालयात बसून हा आकडा कधीच मिळाला नसता. याच संशोधकांनी अश्वगंधा, सालई, सुंठ व हळद यांच्या मिश्रणाची संधिवातावरील चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध केली. तीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या रुग्णांनाही बराच आराम पडल्याचे दिसले आणि औषधाचा लाभ माफकच ठरला. असा निष्कर्ष न लपवता छापणे, हीदेखील उल्लेखनीय बाब होय.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची दुसरी चाचणी गुडघ्याच्या झिजेवरील होती. तीत ४४० रुग्णांचा समावेश होता. सुंठ, गुळवेल इत्यादींचे आयुर्वेदिक योग २४ आठवड्यांत वेदना कमी करण्यात ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. मात्र आयुर्वेदिक योग घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. औषध थांबवल्यावर प्रमाण पूर्ववत झाले. नियमित रक्ततपासणी हा चाचणीचा भाग असल्यामुळेच ही वाढ लक्षात आली. वेदनेवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या, आणि वैद्यकीय साहित्यातील नोंदींनुसार कधी स्टिरॉइडची भेसळ असणाऱ्या, निनावी भुकट्या घेणाऱ्याचे रक्त कोणीच तपासत नाही. वेचणीच्या हंगामात एक दिवसही घरी बसणे न परवडणारी स्त्री ज्या औषधाने दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहू शकते तेच घेते, आणि स्टिरॉइडने तसा आराम खरोखरच पडतो.