तोतरेपणाचे निदान आणि उपचार : आयोवा प्रयोगाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बालकांच्या वाचादोषांपैकी तोतरेपणाच्या शास्त्रीय अभ्यासाचे विसाव्या शतकातील एक प्रमुख केंद्र म्हणजे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठ होय. तेथील वेंडेल जॉन्सन (१९०६-१९६५) हे स्वतः तोतरे बोलत असत. बालकाच्या स्वाभाविक अडखळण्याला मोठ्या माणसांनी 'दोष' ठरविल्यामुळेच तोतरेपणा निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९३९ चा प्रयोग :
जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुलांवर जानेवारी ते मे १९३९ या काळात प्रयोग केला. त्यांपैकी १० मुले आश्रमात तोतरी समजली जात. १२ मुलांचे बोलणे सामान्य होते. या १२ पैकी ६ मुलांना, त्यांच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणे आहेत असे वारंवार सांगण्यात आले. प्रयोगाचा खरा हेतू मुलांना ठाऊक नव्हता. परिणामी त्यांतील अनेक मुले बोलण्यास कचरू लागली. हा प्रबंध अप्रकाशितच राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणल्यावर विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना केली. पुढे २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर नुकसानभरपाई मान्य केली.

पुनर्मूल्यांकन :
२००२ मध्ये निकोलिन अँब्रोज व एहुद याइरी यांनी मूळ प्रबंधातील माहिती पुन्हा तपासली. केवळ सांगण्यामुळे मुले तोतरी झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. म्हणजेच सिद्धांत सिद्ध झाला नाही, मुले मात्र दुखावली गेली. तरीही या सिद्धांताच्या प्रभावामुळे मुलाच्या अडखळण्याचा उल्लेखही करू नये, असा सल्ला पालकांना दीर्घकाळ दिला जात असे.

ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकोम्ब उपचारपद्धतीने नेमकी उलट दिशा स्वीकारली. या पद्धतीत वाचोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली पालकच मुलाच्या अस्खलित बोलण्याचे कौतुक करतात आणि क्वचित, सौम्यपणे अडखळण्याचा उल्लेख करतात. न्यूझीलंडमधील ५४ शालापूर्व बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांनंतर उपचार घेतलेल्या गटातील तोतरेपणा ७७ टक्क्यांनी, तर तुलना गटातील ४३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. काही सुधारणा निसर्गतः होते, परंतु उपचाराने ती लक्षणीय वाढते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
दोषाचा उच्चार करणे हे मुळात घातक नसते. तो कोण, कोणत्या भावनेने आणि कोणत्या हेतूने करतो, हे महत्त्वाचे ठरते. डॅव्हनपोर्टच्या मुलांना दोष सांगितला गेला, आधार मात्र दिला गेला नाही. वाचोपचाराच्या इतिहासाने अध्यापकवर्गाला दिलेला हा महत्त्वाचा धडा होय.