प्रथिनांचे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन
विद्रावातील प्रथिनांची संरचना ठरविण्याची पद्धत. प्रबल चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनादी काही अणूंची केंद्रे ठराविक कंप्रतेच्या रेडिओ तरंगांचे शोषण करतात. ही कंप्रता भोवतालच्या इलेक्ट्रॉनांनुसार किंचित बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जे. टी. आर्नल्ड, एस्. एस्. धर्मट्टी व एम्. ई. पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये एथिल अल्कोहॉलातील हायड्रोजनांच्या तीन अलग रेषा दाखविल्या. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

अल्कोहॉलात तीन रेषा, तर लहानशा प्रथिनातही शेकडो. कोणती रेषा साखळीतील कितव्या ॲमिनो अम्लाची, हे ठरल्याशिवाय वर्णपट मुकाच राहतो. अनिल कुमार, आर्. आर्. एर्न्स्ट व कूर्ट व्ह्यूट्रिख यांच्या १९८० मधील द्विमितीय प्रयोगाने परस्परांपासून सु. ५ अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या हायड्रोजनांच्या जोड्या ओळखता येऊ लागल्या. व्ह्यूट्रिख यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

घडी उलगडलेल्या प्रथिनांत मात्र हायड्रोजनांच्या रेषा एकमेकींवर येतात. अशा प्रथिनांचे स्फटिकही होत नाहीत; आणि घडी कशी पडते हा प्रश्न तर त्यांच्याशीच निगडित आहे. त्यांच्यातही नायट्रोजनाच्या रेषा पुरेशा विखुरलेल्या राहतात, याचा उपयोग करून आर्. व्ही. होसूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा संस्थेत २००१ मध्ये ‘एचएनएन’ ही त्रिमितीय पद्धत मांडली. तीसाठी प्रथिनात कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ हे समस्थानिक घालावे लागतात. तीत प्रत्येक अम्लाच्या नायट्रोजनाचा मागील व पुढील शेजाऱ्यांशी असलेला संबंध एकदमच दिसतो. ग्लायसीन आले की शिखरांची धन-ऋण चिन्हे बदलतात, त्यामुळे साखळीतील आपले स्थान मधूनमधून पडताळता येते.