तीरगर : बाण घडवणारा हात



अनुसूचित जातींची यादी आपण कधी बघतो? दाखला काढायचा असला की बघतो. आपली जात कितव्या नंबरला आहे तेवढं बघून कागद घडी करतो. मी एकदा ती सगळी वाचून काढली, वरपासून खालपर्यंत. महाराष्ट्राच्या यादीत एक नाव सापडलं : तीरगर, तीरबंदा. गुजरातच्या यादीत हेच नाव आहे. राजस्थानच्या यादीतही आहे. तीर म्हंजे बाण, गर म्हंजे करणारा, दोन्ही शब्द फारसी. बाण करणाऱ्या माणसांची जात.

मी थबकलो. ह्या देशात बाणाएवढी इज्जत दुसऱ्या कुठल्या हत्याराला आहे? रामाच्या हातात बाण, अर्जुनाच्या हातात बाण. द्रोण जातीनं ब्राह्मण, तो बाण शिकवायचा, आणि बाण हातात धरून त्याची जात काही बुडाली नाही. मग बाण सोडणारा देव, बाण शिकवणारा गुरू, आणि बाण घडवणारा अनुसूचित यादीत, हे कसं झालं? हा सवाल घेऊन मी जमेल तसं वाचत गेलो. जे गवसलं ते तुमच्यापुढं मांडतो.

आधी काम समजून घेऊ, कारण कामाबिगर जात समजत नाही. बाण म्हंजे नुसती टोकदार काडी नव्हे. हिंदुस्थानात बहुतेक बाण बोरूच्या नाहीतर बांबूच्या काडीचे असत. संस्कृतात 'शर' शब्दाचा अर्थ बोरूही आहे आणि बाणही आहे. जिथं लाकूड मिळे तिथं लाकडाचे. काडी वाळवायची, शेकोटीवर ऊब देऊन सरळ करायची, घासून गुळगुळीत करायची. एका टोकाला लोखंडी फाळ, दुसऱ्या टोकाला दोरीत बसायला खाच. खाचेच्या पुढं पिसं. पिसं चिकटवायची सरसानं, आणि खाच फुटू नये, फाळ निसटू नये म्हणून वरून तात गुंडाळायची.

आता नीट ऐका. सरस कशाचा? जनावराच्या कातड्याचा, हाडांचा, उकळून केलेला. तात कशाची? मेलेल्या जनावराच्या पाठीतल्या, पायातल्या शिरेची. आणि ही दोन्ही पाण्याला भितात. पावसात सरस विरघळतो, तात सैल पडते, पिसं गळून पडतात. काडीत ओल शिरली की ती वाकते, आणि वाकडी काडी नेमावर जात नाही. म्हणून शेवटचं काम फार मोलाचं : बाणावर रोगण चढवणं. जवसाचं तेल आणि चंद्रस उकळून केलेलं रोगण, नाहीतर लाख. मोगलाईतले बाण म्युझियमात ठेवलेत, त्यांच्या पिसांच्या जागी काळे-तांबडे पट्टे आहेत, सोनेरी वेलबुट्टी आहे. बघणारा म्हणतो, काय नक्षी! पण ती नक्षी जिथं आहे तिथंच खाली सरस आणि तात आहे. रंग आणि रोगण त्या जोडावर पाणी पोचू देत नाही. शिवाय पट्ट्यांवरून बाण कुणाचा ते ओळखता येतं. काम आणि देखणेपण एकाच हातानं, एकाच वेळी केलेलं आहे. पुस्तकवाले पुढं 'कला' वेगळी काढतात आणि 'मजुरी' वेगळी. करणाऱ्याला हा फरक ठाऊक नव्हता.

तर राजाच्या भात्यातला प्रत्येक बाण ढोराच्या कातड्यानं चिकटवलेला आणि ढोराच्या शिरेनं बांधलेला. राजा तो बाण ओढून गालापाशी नेई. तेव्हा विटाळ झाला नाही. तेच ढोर गावाबाहेर ओढून नेणारा मात्र विटाळाचा. ढोर ओढायचं काम आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मारलं, त्यातनं निघालेला सरस सोनेरी वेलबुट्टीखाली झाकला. सोन्याच्या पाण्याखाली काय आहे ते कुणी विचारायचं नाही, असा हा बंदोबस्त.

आता पोथ्या बघू. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाची यादी आहे. यज्ञात कुठल्या देवतेला कुठला माणूस द्यायचा, त्याची. त्यात लोहार आहे, धनुष्य करणारा आहे, दोरी वळणारा आहे, आणि इषुकार आहे. इषुकार म्हंजे बाण करणारा. पंडित म्हणतील, अहो ते प्रतीक आहे, शतपथ ब्राह्मणात त्या माणसांना सोडून दिल्याचं लिहिलंय. असेल. मी एवढंच म्हणतो, कारागिराचं नाव पोथीत कुठं येतं ते बघा. यूपाला बांधायच्या यादीत येतं.

ह्याच्या समोर बुद्धाचं वचन ठेवा. धम्मपदात बाण करणारा तीनदा येतो, गाथा ३३, ८० आणि १४५ मध्ये. पालीत त्याला उसुकार म्हणतात. चंचल चित्त शहाण्या माणसानं कसं सरळ करावं? उसुकार बाण सरळ करतो तसं. पाणी वळवून नेणारा, बाण करणारा, लाकूड तासणारा, ह्यांच्या पंक्तीला बुद्धानं स्वतःला घडवणारा माणूस बसवला. यज्ञवाल्यांनी ज्याला बळीच्या यादीत टाकलं, त्याच्या हातांकडं बोट दाखवून तथागत म्हणाला, असं काम करा, आपल्या मनावर करा. धम्मपद आपण विहारात म्हणतो. म्हणताना हा कामगार डोळ्यांपुढं आणा.

महाजनक जातकात तर हा माणूस कामावर बसलेला दिसतो. निखाऱ्याच्या पाटीत बाण तापवतोय, आंबट पेजेनं भिजवतोय, एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं काडी पारखतोय. त्याला विचारलं, एकच डोळा का? तो सांगतो, दोन डोळ्यांनी नजर फाटते, वाक कळत नाही. गिरणीत सायझिंग खात्यात ताण्याला कांजी देतात, सूत घट्ट व्हावं म्हणून. ती जातककथा वाचताना मला वाटलं, ही लिहिणाऱ्यानं कारागिराच्या शेजारी बसून काम पाहिलंय. ब्राह्मणी पोथीत बाणाचे मंत्र सापडतात. निखारा आणि पेज मला बौद्ध कथेत सापडली.

आणखी एक. सरह नावाचा सिद्ध होऊन गेला, साधारण आठव्या शतकातला. तिबेटी परंपरा सांगते की तो जन्मानं ब्राह्मण. बाजारात त्याला एक बाई बाण सरळ करताना दिसली, हलक्या मानलेल्या जातीची. तो तिच्यापाशी गेला, तिला गुरू मानलं, जात सोडून तिच्यासंगं राहिला. त्याच्या चित्रात त्याच्या हाती बाण असतो. कथेतले चमत्कार सोडून द्या. एवढं धरा की बौद्ध लोकांनी शेकडो वर्षं जी गोष्ट जपली तिच्यात बाण घडवणारी बाई शिकवते आणि ब्राह्मण शिकतो. पण त्या गोष्टीतसुद्धा नाव राहिलं त्याचं. ती नुसती 'बाण करणारी'. आपण आपल्या आयाबहिणींचा इतिहास लिहू तेव्हा हे ध्यानात ठेवा.

मग आला मनू. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणाला कुठल्या ब्राह्मणाला बसवू नये त्याची लांबलचक यादी आहे. १६०व्या श्लोकात धनुष्यबाण करणारा आहे. म्हंजे ब्राह्मणानं बाण हातानं घडवला तर तो पंगतीतनं उठला. आणि ह्याच पोथीच्या सातव्या अध्यायात राजाला सांगितलंय, किल्ल्यात शस्त्रं भरपूर ठेव. शस्त्रं पाहिजेत, शस्त्र करणारा पंगतीला नको. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ही पोथी बाबासाहेबांनी जाळली. कुणी विचारलं का जाळली, तर हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून दाखवा. १९३६ साली 'जातिप्रथेच्या उच्छेदा'त बाबासाहेबांनी मांडलं की जात ही कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांचीच उतरंड लावलेली वाटणी आहे. तीरगर त्याचा जिता दाखला.

कुणी म्हणेल, बाण तर जगभर होते. होते की! १९९१ साली आल्प्सच्या बर्फात पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या भात्यात १४ बाण, त्यातले दोनच पुरे झालेले. पिसं बर्चच्या डांबरानं चिकटवून वरून खाजकुइलीसारख्या एका झाडाच्या धाग्यानं बांधलेली. बाकीचे बारा अर्धवट, वाटेतच मेला. बाण मारणारा होता तोच बहुधा बाण घडवणारा. इंग्लंडात राजांच्या फौजेला बाण लागायचे हजारांनी. तिथं लंडनच्या बाण करणाऱ्यांनी १३७१ साली धनुष्य करणाऱ्यांपासून आपली संघटना वेगळी करून घेतली. फ्लेचर म्हंजे बाण करणारा. पुढं बंदूक आली, धंदा बुडाला, फ्लेचर हे नुसतं आडनाव उरलं. फ्लेचर आडनावाचा माणूस काहीही होतो, कुणाशीही लग्न करतो. त्याला कुणी विचारत नाही, तुझा खापरपणजा काय करायचा.

आपल्याकडंही बंदूक आली, धंदा बुडाला. कच्छचे कमानगर, म्हंजे धनुष्य करणारे, रंगकाम हातात होतं म्हणून भिंतींवर चित्रं काढू लागले. कमानगरी चित्रं म्हणून ती नावाजली. पण तीरगर बाण करत नाही तरी तीरगरच. धंदा गेला, जात राहिली. ह्या एका वाक्यात इंग्लंड आणि हिंदुस्थान ह्यांच्या इतिहासातला फरक आहे.

आणि हे जुनंपुराणं आहे असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साळखात्यात घेत नसत. का? तर बॉबिनचा धागा सरला की नवा धागा धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याची थुंकी धाग्याला लागेल म्हणून पगार जास्त त्या खात्याचं दार बंद. हे करणारे मालक नव्हते एकटे, बरोबरीचे कामगार होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. आता बाण आठवा. जगात पुष्कळ ठिकाणी तात तोंडात धरून थुंकीनं मऊ करतात, मगच ती गुंडाळता येते. थुंकी लागल्याबिगर बाण होत नाही आणि कापडही होत नव्हतं. विटाळ थुंकीत नव्हताच. दार कुणाला बंद ठेवायचं ते आधी ठरलं होतं, विटाळाचं निमित्त मागनं शोधलं.

मित्रांनो, एकलव्यावर आपण खूप लिहिलं. त्याच्या अंगठ्यावर मीही कविता केल्या, आणि त्या कराव्याच. पण अंगठा कापला तो बाण सोडणाऱ्याचा. बाण घडवणाऱ्याचे दहा बोटांसकट दोन्ही हात इतिहासातनं कापले, त्याची कविता कुठाय? म्युझियमात बाणाखाली चिठ्ठी असते, शतक लिहिलेलं असतं. घडवणाऱ्याचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून एक काम सांगतो. यादी काढा. आपली जात सोडून बाकीची नावं वाचा. प्रत्येक नावामागं एक हुन्नर आहे, आणि त्या हुन्नरावर कुणीतरी राज्य केलंय. ज्या जातीचं नाव आपण ऐकलेलं नाही, तिच्या वस्तीत जा. म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. हत्यारांची नावं विचारा, कुठली वस्तू कशानं चिकटवायचे, कशानं रंगवायचे, माल कुणाच्या दारात जायचा, आणि दारात कुठंपर्यंत जाऊ द्यायचे, ते लिहून घ्या. आपापल्या जातीचं मोठेपण गाण्यासाठी नव्हे. तसं केलं तर आपणही मनूचीच शिडी चढू. ह्या सगळ्या हातांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून लिहायचं. यादीत आपण शेजारी शेजारी छापलेलो आहोत. एकमेकांच्या घरी अजून गेलेलो नाही.

जयभीम.