वाग्नरची अंगठी आणि मराठी प्रेक्षक

पौराणिक कथा आणि गायन यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात अवतरले आणि दोनच वर्षांनी 'सौभद्र' आले. त्याच सुमारास, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीतील बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नर यांनी खास बांधून घेतलेल्या नाट्यगृहात 'निबेलुंगची अंगठी' हा चार भागांचा, सुमारे पंधरा तासांचा ऑपेरा प्रथमच सलग सादर झाला. तेव्हा तो अनुभवण्यासाठी बायरॉइट गाठावे लागले. चित्रीकरणामुळे आज नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या वारंगा फाट्यावर राहणाऱ्या रसिकालाही तो घरबसल्या पाहता येतो. प्रश्न एवढाच, की संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाच्या हाती त्यातून काय लागते?

कथा ओळखीची वाटते. ऱ्हाइन नदीच्या तळाशी असलेले सोने आल्बेरिश नावाचा बुटका प्रेमाचा त्याग करून मिळवतो आणि त्याची अंगठी घडवतो. देवांचा राजा वोटान राक्षसांकडून वालहाला हा महाल बांधून घेतो आणि त्याची मजुरी चुकवण्यासाठी ती अंगठी कपटाने हिरावतो. आल्बेरिश तिला शाप देतो. पुढे ती ज्याच्या हाती जाते त्याचा घात होतो. येथे आपल्याला स्यमंतक मणी आठवतो. प्रसेन, सत्राजित, शतधन्वा या साऱ्यांचे प्राण त्याच्यापायी गेले. मात्र स्यमंतकाच्या कथेत श्रीकृष्णावरील चोरीचा आळ खोटा ठरतो. वाग्नरच्या कथेत देव खरोखरच चोर आहे. मराठी प्रेक्षकाला पहिला धक्का बसतो तो येथे.

दुसरा धक्का संगीताचा. येथे गद्य संवाद थांबवून सुरू होणारे पद नाही, त्यामुळे 'वन्समोअर'ला जागाच नाही. गायन अखंड वाहते, आणि ध्वनिक्षेपकाविना भल्यामोठ्या वाद्यवृंदावर चढणारे ते आवाज आपल्या कानांना आरंभी कर्कश वाटतात. कित्येकजण येथेच कंटाळून उठतात. परंतु कान गायकाकडून वाद्यवृंदाकडे वळवला, की चित्र पालटते. तलवार, भाला, वालहाला यांना वाग्नरने स्वतंत्र सूचक धुना दिल्या आहेत. 'वाल्क्युरं' या दुसऱ्या भागात नायक सीगमुंड हरवलेल्या पित्याविषयी सांगतो, तेव्हा वाद्यवृंद वालहालाची धून हळूच वाजवतो. पिता वोटान आहे हे सीगमुंडला ठाऊक नसते, श्रोत्याला कळते.

या ऑपेराच्या चित्रीकरणांपैकी बायरॉइटच्या शताब्दीनिमित्त १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रयोगाचे चित्रीकरण विशेष गाजले. दिग्दर्शक होते एकतीस वर्षांचे फ्रेंच रंगकर्मी पात्रीस शेरो, तर संगीत संचालन पिएर बुलेझ यांचे. ऱ्हाइनच्या जागी धरण आणि देवांच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातील भांडवलदारी पोशाख पाहून प्रेक्षक खवळले, शिट्ट्या वाजल्या. १९८० मध्ये तोच प्रयोग दीर्घ टाळ्यांच्या गजरात निरोप घेऊन गेला. १९७९ व १९८० मध्ये त्याचे चित्रीकरण झाले.

कॅमेऱ्याने येथे नेमके काय साधले? 'वाल्क्युरं'च्या दुसऱ्या अंकात वोटानचे प्रदीर्घ आत्मकथन आहे. दूरच्या आसनावरून ते कंटाळवाणे वाटू शकते. पडद्यावर मात्र आरसा, झुलता लंबक आणि डोनल्ड मॅकिंटायर यांचा जवळून दिसणारा चेहरा यांमुळे तोच प्रसंग संपूर्ण कृतीचा गाभा ठरतो. स्वतःच्या भाल्यावर कोरलेल्या करारांनी बांधला गेलेला हा देव पोटच्या पुत्राला वाचवू शकत नाही. प्रतिज्ञेपायी कुरुकुलाचा नाश उघड्या डोळ्यांनी पाहणारे भीष्म ज्याला ठाऊक आहेत, त्याला ही वेदना समजावून सांगावी लागत नाही.

वाग्नरची ज्यूद्वेषी लेखणी आणि पुढे हिटलरने बायरॉइटला दिलेला राजाश्रय विसरता येणार नाही. संगीताची थोरवी त्या डागाला पुसत नाही. सत्तेच्या लोभाला नागडे करणारी ही कृती सत्तांधांनीच मिरवावी, हा इतिहासाचा उपरोध होय.

नवख्या प्रेक्षकाने पंधरा तासांचा धसका घेऊ नये. 'वाल्क्युरं'चा सुमारे तासाभराचा पहिला अंक उपशीर्षकांसह पाहावा. रुची जडली तर पुढे जावे. शेवटी वालहाला पेटतो, देव जळतात, अंगठी ऱ्हाइनला परत मिळते. आपल्या पौराणिक नाटकांत अखेरीस देव सारे सावरून घेतो. येथे सावरणारा कोणी उरत नाही. शेरोंच्या प्रयोगात रंगमंचावरील सामान्य माणसांचा जमाव ती आग पाहून सावकाश वळतो आणि थेट प्रेक्षकांकडे पाहत राहतो. देवांनंतर जबाबदारी कोणाची, हे त्या नजरेने सांगून टाकलेले असते.