कथनप्रसंग आणि बालश्रोता

लहान मुलांना गोष्ट सांगण्याच्या कलेचा इतिहास लिहावयाचा, तर साधने कोठून आणावयाची हीच पहिली अडचण असते. छापली गेली ती गोष्ट. सांगणे छापले गेले नाही. या दृष्टीने मेरी फ्रिअर यांचा ‘ओल्ड डेक्कन डेज’ (1868) हा संग्रह पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या 1865-66 च्या दख्खन दौऱ्यात त्यांच्या या कन्येने आपली आया ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून या गोष्टी ऐकल्या. ॲनाला त्या तिच्या आजीने सांगितलेल्या. नोंदीच्या वेळी मात्र समोर मूल नव्हते, मालकीण होती. आणि भाषा इंग्रजी होती.

याला वसाहतवादी अपहरण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. मेरीने लिहिलेला मजकूर ॲनाला वाचून दाखविला, तिचे आत्मकथन नावानिशी ग्रंथात घातले. (आपल्या नंतरच्या कित्येक संग्रहांत सांगणारीचे नावही सापडत नाही.) हरवले ते वेगळेच.

त्यातील शूर कुंभाराची गोष्ट पाहावी. वादळी पावसात वाघ एका म्हातारीच्या झोपडीच्या भिंतीशी आडोसा घेतो. आत ती सामान इकडून तिकडे ओढीत गळतीच्या नावाने करवादते आहे. वाघाला वाटते, गळती म्हणजे कोणी भयंकर प्राणीच. हरवलेले गाढव शोधणारा कुंभार अंधारात वाघालाच बडवून, त्याच्यावर बसून घरी येतो. छापील पाठ पुढे कुंभाराच्या पराक्रमांकडे वळतो. ऐकणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाचा जीव मात्र वाघापाशीच अडकतो. कारण त्याला ठाऊक आहे ते वाघाला ठाऊक नाही. हा उपरोध त्याला कळतो तो सांगणारीच्या आवाजातून. थेंब किती वेळा पडावा, म्हातारीने किती वेळा करवादावे, हे संहिता ठरवीत नाही. समोरचा चेहरा ठरवितो. पुनरावृत्ती हे मौखिकतेचे लक्षण खरेच, पण ती श्रोत्याने मागून घेतलेली असते. छापताना तिची संख्या गोठते.

बालश्रोत्याच्या या वाट्याचा पद्धतशीर विचार केला तो एका शिक्षकाने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातील (1920) अनुभवावरून गिजुभाई बधेका यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ (1925) लिहिले. गोष्टींची निवड, त्यांचा क्रम, सांगण्याची रीत हे त्याचे विषय. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यामुळे ही दृष्टी मराठी बालशिक्षणात रुजली. मराठी समीक्षेने मात्र तिला शिक्षणशास्त्राच्या कपाटात ठेवले आणि आपण कथांचे कल्पनाबंध मोजीत राहिलो. ॲनाच्या आजीने थेंब किती पाडले असतील, हे विचारावे असे आपल्याला वाटलेच नाही.