तणसाच्या मुलखांतील घोडा

कार्तिक-मार्गशीर्षांत मळणी आटोपली, म्हणजे भंडारा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या खळ्यांवर धानाच्या तणसाचे पिवळे ढीग उभे राहतात. मुंबई-पुण्याकडे ज्याला भाताचा पेंढा म्हणतात, तेंच वैनगंगेच्या खोऱ्यांतील तणस. पुढील हंगामापर्यंत गोठ्यांतील बैलांचा आणि म्हशींचा निर्वाह बहुतांशीं त्याच ढिगावर होतो. बैलाला तें मानवतें. घोड्याला मानवतें काय, आणि सुस्तावलेल्या किंवा म्हाताऱ्या घोड्यापुढें तें टाकावें काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु ज्या राज्यांचें बळ घोड्याच्या पाठीवर होतें, त्यांनीं वैरणीचा प्रश्न कधींच क्षुल्लक मानला नाहीं.

विदर्भाचा आणि घोड्याचा संबंध फार पुरातन आहे. नागपूरजवळ माहुरझरी येथें १९७० च्या सुमारास झालेल्या उत्खननांत शिलावर्तुळांखालीं मनुष्यांबरोबर पुरलेले घोडे सांपडले. त्यांच्याजवळ तांब्याचे मुखालंकार आणि लोखंडी लगाम होते. हीं दफनें ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील आहेत. त्या घोड्यांनीं काय खाल्लें तें दगड सांगत नाहींत. पण कौटिल्याचें अर्थशास्त्र घोड्याच्या आहाराचा बारीक हिशेब देतें. उत्तम घोड्याला तांदूळ, जव इत्यादि धान्य दोन द्रोण; त्याबरोबर स्नेह, मीठ आणि रस; हिरवी वैरण अर्धा भार आणि गवत असेल तर त्याच्या दुप्पट. याच प्रकरणांत एक मार्मिक नियम आहे. युद्धानें, रोगानें, वार्धक्यानें किंवा कष्टानें झिजलेल्या घोड्यांना केवळ निर्वाहापुरतें अन्न द्यावें, असें तो सांगतो. म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला हांकलून द्यावयाचें नाहीं, आणि ऐन उमेदीच्या घोड्याची चंदीहि त्याला चारावयाची नाहीं.

मराठेशाहींत हीच दृष्टि एका प्रसिद्ध पत्रांत दिसते. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाजवळ पावसाळी छावणीसाठीं राहिलेल्या लष्करी अधिकाऱ्यांस शिवाजीमहाराजांनीं हें पत्र लिहिलें. छावणीसाठीं जमविलेला दाणा आणि वैरण बेहिशेबी उधळली, तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, अशी त्यांत ताकीद आहे. साठा संपला कीं शिपाई कुणब्यांच्या घरीं जाऊन दाणे, भाकरी, गवत आणि लांकडें नेऊं लागतील, मग रयतेला मोगल बरे वाटतील, हेंहि त्यांत बजाविलें आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारकावा राजाच्या लक्षांत होता. ज्याला वैरणीची गंज राखतां येत नाहीं त्याला राज्यहि राखतां येत नाहीं, असाच त्या पत्राचा आशय आहे.

अठराव्या शतकांत नागपूरकर भोसल्यांपुढें हा प्रश्न निराळ्या रूपानें आला. वऱ्हाड आणि वर्धेकडील काळ्या जमिनींत ज्वारी पिकते आणि तिचा गोडसर कडबा घोडें आवडीनें खातें. नागपूर सोडून पूर्वेस वैनगंगा ओलांडली, कीं कडब्याचा मुलूख मागें राहतो आणि धानाचा लागतो. तो छत्तीसगड आणि ओडिशापर्यंत सरत नाहीं. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षें बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या आणि १७५१ त ओडिशा त्यांच्याकडे आला. या मुलखांत शिरणाऱ्या घोडदळाला गांवांतील वैरण म्हणून मुख्यतः तणसच दिसणार. तें उचलावें तर कुणब्याचा बैल उपाशी, आणि बैल उपाशी तर पुढील नांगरणी नाहीं. शिवाय इतकें करूनहि घोडें त्यावर धड पोसत नाहीं.

याचें कारण घोड्याच्या पोटांत आहे. बैलाचें पोट चार कप्प्यांचें. तो गिळलेली वैरण आंबवून पुन्हा रवंथ करतो. घोड्याचें जठर एकच व लहान. तंतु आंबविण्याचें काम त्याच्या मोठ्या आंतड्यांत, म्हणजे अगदीं शेवटीं होतें. त्यांतून धानाच्या तणसांत वाळूसारखी सिलिका पुष्कळ आणि प्रथिनें थोडीं. त्यांतील ऑक्झॅलेट शरीराला मिळावयाचें कॅल्शियमहि अडवून धरतें. म्हणून एकट्या तणसावर घोडा ठेवणें म्हणजे पोट भरून त्याची उपासमार करणें होय.

तथापि काडाचा हा निःसत्त्वपणाच एका घोड्याला उपकारक ठरतो. काम थोडें आणि खुराक फार, अशा घोड्याच्या मानेवर चरबीची वळी चढते आणि खुरांच्या आंत दाह होऊन तो लंगडूं लागतो. त्याला एकाएकीं उपाशी ठेवणेंहि घातक. शरीरांतील चरबी रक्तांत उतरून प्राणावर बेततें. अशा वेळीं गवताचा कांहीं भाग काढून त्या जागीं ओट, जव किंवा गव्हाचें स्वच्छ, बुरशी नसलेलें काड दिलें, तर तोंड चालू राहतें आणि अंग उतरतें. मात्र काड एकूण वैरणीच्या निम्म्याहून अधिक नसावें, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावें आणि पाणी भरपूर असावें.

म्हाताऱ्या घोड्याची गोष्ट अगदीं उलट आहे. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडींतून वर येत राहतात आणि दर वर्षीं दोन-तीन मिलिमीटर झिजतात. पंचविशीच्या सुमारास केवळ खुंट उरतात. असा घोडा काड चघळून त्याचे ओले गोळे खालीं टाकतो. जें गिळतो तें नीट दळलेलें नसतें, आंतडें तुंबतें आणि पोटशूळ उठतो. त्याला कोवळें, बारीक कापलेलें गवत आणि भिजवून मऊ केलेला खुराक हवा. त्याच्यापुढें काडाची पेंढी टाकणें ही काटकसर नव्हे आणि दयाहि नव्हे.

आज घोडा दिसतो तो बहुधा वरातींत. लग्नसराई संपली कीं तो महिनोन् महिने खुंट्याला उभा राहतो. कोणी सुस्तावतो, कोणी म्हातारा होतो. दोघांचीहि वैरण एकाच ढिगांतून उपसण्याचा मोह होतो, कारण ढीग जवळ असतो आणि स्वस्त असतो. निर्वाहापुरतें अन्न द्यावें, असें अर्थशास्त्र सांगतें. परंतु कोणाचा निर्वाह कशानें होतो, हें ठरविण्यासाठीं ढिगाकडे पाहून भागत नाहीं. आधीं घोड्याचे दांत पाहावे लागतात.